आर्काइव्ह : वाचावे रोज, लेख चढवावा मात्र पेटंटची चौकशी करून

खगोलभौतिकी किंवा विश्वरचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रोज उघडावे असे संकेतस्थळ कोणते, असे कोणी विचारले तर मी आर्काइव्हचेच नाव घेते. पत्ता टंकताना ए-आर-एक्स-आय-व्ही डॉट ओआरजी असा टंकावा. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट 1991 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ही सेवा सुरू केली, 2001 मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात आली आणि 2022 च्या सुरुवातीला तिच्यातील लेखांची संख्या 20 लाखांवर गेली. नियतकालिकात छापून येण्याआधीच किंवा छापला जात असतानाच संशोधक आपला निबंध येथे स्वतः चढवतात. वाचणाऱ्याला पैसे पडत नाहीत, चढवणाऱ्यालाही पडत नाहीत, आणि वाचण्यासाठी नावनोंदणीचीही गरज नाही. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना मी या सेवेची शिफारस मनापासून करते. सौरघट, विद्युतघट किंवा पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांना मात्र एक अट घालून करते, आणि ती अट बौद्धिक संपदेच्या कायद्यातून येते.

आधी वाचकाच्या बाजूने पाहू. खगोलभौतिकीचा विभाग 1992 मध्ये सुरू झाला आणि 2009 पासून त्याचे सहा पोटविभाग आहेत. विश्वरचनाशास्त्राला त्यांत स्वतंत्र जागा आहे. नव्या लेखांची यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवार ते गुरुवार रात्री आठ वाजता लागते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. सकाळच्या चहाबरोबर यादी चाळून त्यातले दोन-तीन सारांश नीट वाचण्याची सवय भारतातल्या वाचकाला यामुळे सहज लागते. यादीतला क्रम लेख कधी चढवला त्यावर ठरतो, त्यामुळे लेख देण्याची रोजची मुदत संपताक्षणी चढवलेला लेख दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर येतो. वरच्या लेखांचा पुढे जास्त उल्लेख होतो, असे या सेवेवरच झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. वाचकाने म्हणून यादी तळापर्यंत वाचावी. खाली आहे तो लेख कमी प्रतीचा असतो असे नाही.

प्रत्येक लेखाला मिळणारा क्रमांक ही या सेवेतली मला फार उपयोगी वाटणारी गोष्ट आहे. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे दाखवणारा ॲडम रीस आणि सहकाऱ्यांचा निबंध 9805201 या क्रमांकाने येथे आहे. त्यातले पहिले चार अंक म्हणजे 1998 चा मे महिना. याच शोधासाठी 2011 चे नोबेल पारितोषिक सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि रीस यांना मिळाले. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणे वापरणाऱ्या भारतीय गटाने युरोपीय गटासोबत जून 2023 मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा मांडल्या, तो निबंध 2306.16214 या क्रमांकावर आहे. पंचवीस वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन्ही निबंध जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाला त्याच दारातून, तितक्याच सहज मिळतात. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 2025 पासून सरकारी संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली हे स्वागतार्हच आहे, पण संस्थेबाहेरच्या माणसाला तिचा उपयोग नाही. शिवाय खगोलशास्त्रातली काही प्रमुख नियतकालिके अलीकडे वाचकांना मोफत झाली ती लेखकांकडून शुल्क घेऊन. दोन्ही बाजूंना फुकट असलेली आर्काइव्ह त्यामुळे अधिकच मोलाची ठरते.

येथे एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी लागते. लेख विषयाला धरून आहे का आणि त्याला शास्त्रीय निबंधाचे रूप आहे का, एवढे स्वयंसेवी नियंत्रक पाहतात. निष्कर्ष बरोबर आहेत का हे तपासणे त्यांचे काम नाही. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 प्रयोगाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले आणि निबंध त्याच वेळी येथे आला. तज्ज्ञांच्या समीक्षेनंतर आलेल्या आवृत्तीत हा ठसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीमुळे उमटला असावा ही शंका लेखकांनी स्पष्ट नोंदवली, आणि 2015 मध्ये प्लँक उपग्रहाच्या गटासोबत केलेल्या एकत्रित विश्लेषणाने तो दावा मागे पडला. आर्काइव्हचे मोठेपण असे की पहिली आणि सुधारलेली आवृत्ती दोन्ही शेजारी शेजारी उघडता येतात, आणि कोणते वाक्य का बदलले हे वाचकाला स्वतः पाहता येते. नवख्या वाचकाने सारांशाखालची टिप्पणीची ओळ आवर्जून वाचावी. लेख नियतकालिकाकडे नुसता पाठवला आहे की स्वीकारला गेला आहे, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.

लेख चढवण्याची प्रक्रिया शिस्तीची आहे. 2004 पासून नव्या लेखकाला त्या विषयात आधी लेख दिलेल्या कोणाची तरी संमती लागू शकते. विद्यापीठात मार्गदर्शक असलेल्या विद्यार्थ्याला ती सहज मिळते, पण एकट्याने काम करणाऱ्या अभ्यासकाला ही पायरी जड जाते, आणि या सेवेतली ही उणीव मला खरोखर खटकते. आणखी एक बारकावा आहे. लाटेकमध्ये, म्हणजे समीकरणांचे लेख जुळवण्याच्या संगणकीय प्रणालीत, लिहिलेला लेख दिला की त्याची मूळ धारिकाही वाचकांना खुली होते, आणि छापील रूपात दिसू नयेत म्हणून टक्क्याच्या चिन्हामागे दडवलेल्या ओळी, म्हणजे सहकाऱ्यांमधला संवाद किंवा गाळलेला परिच्छेद, त्या धारिकेत जशाच्या तशा राहतात. चढवण्याआधी त्या काढून टाकाव्यात.

आता अटीकडे येते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला किंवा नवा पल्सार, म्हणजे नियमित स्पंद पाठवणारा तारा, सापडला तर त्यावर पेटंट मिळण्याचा प्रश्नच येत नाही; भारतीय पेटंट कायदा, 1970 मधील कलम 3 नुसत्या वैज्ञानिक तत्त्वाच्या शोधाला आविष्कार मानत नाही. खगोलशास्त्रज्ञाने निबंध लवकर खुला केला तर त्याचे काहीच जात नाही, उलट शोधाचा मान कोणाचा याची तारीख पक्की होते. पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाच्या सौरघटाचा नवा थर, तो चढवण्याची नवी पद्धत, विद्युतघटातले नवे द्रावण यांची गोष्ट वेगळी आहे. या विषयांचे निबंधही आर्काइव्हच्या पदार्थविज्ञान आणि उपयोजित भौतिकी या विभागांत येत असतात, आणि तिथे लेख दिसू लागला की तो मजकूर जगापुढे आला असे पेटंट कार्यालय धरते. आविष्कार नवा असणे ही पेटंटची पहिली अट आहे, आणि स्वतः लेखकानेच आधी प्रसिद्ध केलेला मजकूरही त्या नवेपणाच्या आड येतो.

आपल्या कायद्यात कलम 31 अन्वये 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी आणि विद्वत्संस्थेत वाचलेल्या किंवा तिच्या इतिवृत्तात छापलेल्या निबंधासाठी आहे. इंटरनेटवरच्या प्रीप्रिंटला, म्हणजे छापून येण्याआधी चढवलेल्या लेखाला, ती लागू होईल या भरवशावर कोणी राहू नये. अमेरिकेत आविष्कारकाच्या स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची मुभा आहे, युरोपात तशी सर्वसाधारण मुभा नाही. त्यातच आर्काइव्हचा नियम असा की एकदा जाहीर झालेला लेख मागे घेतला तरी त्याच्या आधीच्या आवृत्त्या वाचकांना उपलब्ध राहतात. संशोधनाच्या इतिहासासाठी हा नियम उत्तम आहे आणि तो बदलू नये असेच मला वाटते; पण घाईने लेख चढवलेल्या संशोधकाला त्यामुळे परतीची वाट उरत नाही. उपाय तसा कठीण नाही. आधी पेटंट कार्यालयात तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करावा, त्यामुळे तारीख हाती येते. संपूर्ण तपशील त्यानंतर 12 महिन्यांच्या आत द्यावा लागतो. मात्र निबंधात जे सांगणार आहोत ते सारे त्या पहिल्या अर्जात उतरले आहे याची खात्री करून मगच लेख चढवावा. आपल्या संस्थेत बौद्धिक संपदेचा कक्ष असेल तर त्याच्याशी बोलण्याची वेळ लेखाचा मसुदा तयार होतानाच असते, लेख चढवल्यानंतर नव्हे.

परवान्याकडे लेखकांचे बहुधा लक्षच जात नाही. लेख चढवताना आर्काइव्ह काही पर्याय पुढे ठेवते. एकात लेखक फक्त आर्काइव्हला वितरणाचा कायमचा, पण अनन्य नसलेला हक्क देतो आणि बाकी स्वामित्वहक्क जिथे होते तिथेच राहतात. इतर पर्याय क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापर खुला करणाऱ्या तयार परवान्यांचे, आहेत. निवडलेला परवाना मागे घेता येत नाही. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण भाषांतर करण्याचा हक्क हा स्वामित्वहक्काचाच भाग आहे. पहिल्या प्रकारच्या लेखाचे मराठी भाषांतर किंवा त्यातली आकृती छापायची तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. श्रेय देण्याच्या अटीवर सर्व वापर खुला ठेवणारा परवाना असेल तर भाषांतर करून ते मासिकात छापता येते आणि मराठी विकिपीडियावरही ठेवता येते. फेरबदलास मनाई करणारा परवाना असेल तर भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. निबंधातली माहिती आपल्या शब्दांत समजावून सांगायला मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही, कारण स्वामित्वहक्क मांडणीवर असतो, वस्तुस्थितीवर नसतो.

परवाना कोणता हे शोधायला फार खटपट लागत नाही. लेखाच्या सारांशाच्या पानावर उजवीकडे, पीडीएफच्या दुव्याखाली त्याचा दुवा असतो. 2023 च्या अखेरीपासून पुष्कळ नव्या लेखांना तिथेच एचटीएमएल रूपाचा, म्हणजे साध्या वेबपानाचाही, दुवा मिळतो. दोन स्तंभांची पीडीएफ फोनवर वाचताना जो त्रास होतो तो त्यात होत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकांना समीकरणांसह निबंध ऐकण्याची सोय त्यातूनच होऊ लागली आहे. शीर्षक आणि सारांश ही वर्णनात्मक माहिती तर आर्काइव्हने सर्वांना विनाअट वापरासाठी खुली केली आहे. खोडदच्या दुर्बिणीवरून निघालेल्या निबंधांचे सारांश दर आठवड्याला मराठीत देण्याचे काम एखाद्या महाविद्यालयातल्या खगोल मंडळाने आजच हाती घेतले तरी त्यासाठी कोणालाही पत्र लिहावे लागणार नाही.