रे रोडचा लाकूड बाजार: हौशी सुतारांच्या गटाने खरेदी कशी करावी

एका फळीसाठी रे रोडला जाण्यात अर्थ नाही. इथला धंदा इमारतीची कामं घेणारे कंत्राटदार आणि फर्निचरचे कारखाने यांच्यावर चालतो. अर्ध्या घनफुटाचं गिऱ्हाईक आलं की थप्पीच्या वरची फळी दाखवायची, घ्यायची तर घ्या, असा मामला असतो. पण पाच-सहा जणांचा लाकूडकामाचा गट एकत्र खरेदी करत असेल, तर सागवानासाठी मुंबईत याहून बरी जागा सांगता येणार नाही. चार घनफुटांची यादी हातात दिसली की थप्पी उतरवतात, फळ्या निवडू देतात आणि जवळपासच्या सॉ मिलमध्ये कापूनही मिळतं. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडच्या पुढचं स्टेशन. तिथून दारूखान्याच्या बाजूला चालत जाता येतं.

यादी आदल्या बैठकीतच करा, आणि घनफुटांत करा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ६ फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. २४ बाय १८ इंचांचं टीपॉय धरा. एक इंची फळ्यांचा माथा पाव घनफूट, दीड इंची चौरस पाय १८ इंच उंचीचे चार मिळून ०.०९, आणि माथ्याखालच्या तीन इंच रुंद पट्ट्या ०.१२. बेरीज ०.४६. त्यावर ४० टक्के वाढ धरायची, कारण टोकांच्या चिरा, गाठी आणि रंध्याखाली जाणारी जाडी यातच तेवढं संपतं. एका टीपॉयला ०.६५, सहा जणांचे जवळपास चार घनफूट. वाढ २० टक्क्यांवर आणली की शेवटी कुणाला तरी एक पाय कमी पडतो, आणि नंतर वेगळ्या खेपेतून आणलेल्या तुकड्याचा रंग जुळत नाही.

भावापेक्षा मापाची चर्चा आधी करा. ‘एक इंच’ म्हणून विकली जाणारी कापीव फळी प्रत्यक्षात २२ मिलिमीटर भरू शकते. बिल पूर्ण इंचाचं, म्हणजे २५.४ चं लागलं तर तिथेच १३ टक्के गेले. भावात केलेली घासाघीस यापुढे किरकोळ. म्हणून व्हर्नियर कॅलिपर नाही तरी निदान पोलादी पट्टी न्या आणि जाडी दोन्ही टोकांना मोजा. रुंदी अरुंद टोकाला धरायची की मधोमध, सालीकडची तिरकी कड मापात धरायची की वगळायची, टोकाच्या चिरेचे तीन-चार इंच सोडायचे की नाही, हे सगळं माल निवडायच्या आधी बोलून घ्या. मोजणी सुरू झाल्यावर हे विषय काढले की दोन्ही बाजूंचा आवाज चढतो. अख्खा ओंडका घेणाऱ्यांसाठी वेगळी गंमत: घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग गुणिले लांबी, या पद्धतीने मोजलं तर खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच आकडा येतो. फरक कापणीतल्या तुटीपोटी सोडलेला असतो, त्यामुळे ओंडक्याचा आणि फळीचा प्रतिघनफूट भाव शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता लाकूड. ‘बर्मा’ हे नाव अजूनही सगळ्यात महाग. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा ‘आत्ताच आलेला बर्मा ओंडका’ असं कुणी सांगितलं तर कागद मागा. सीपी म्हणजे आपल्याकडचं मध्य भारतातलं सागवान, चंद्रपूर-बल्लारशा पट्ट्यातलं आणि मध्य प्रदेशातलं. टीपॉय, स्टूल, पेटी असल्या कामांना ते पुरून उरतं. इक्वेडोर, घाना, पनामाकडचं सागवान मळ्यात लावलेल्या कमी वयाच्या झाडांचं असतं. वाढीची वर्तुळं रुंद, कडेचा पांढरट भाग जास्त. वाईट नाही, पण सीपीच्या भावात घेऊ नये. सांधे शिकणाऱ्या नवख्या सभासदांसाठी मात्र हेच घ्या. सीपीवर पटाशी (सुताराची छिनी) चालवायला शिकणं परवडत नाही.

फळी निवडताना आधी टोक बघा, पृष्ठभाग नंतर. झाडाचा मध्यबिंदू फळीत आला असेल तर ती आज सरळ असली तरी पुढे फाटणार. टोकावर वर्तुळं आडवी झोपलेली दिसली तर फळी वाळताना कडेला वळते. उभी दिसली तर रुंदीतला बदल निम्म्यावर येतो. माथ्यासाठी उभ्या रेषेच्या फळ्या वेगळ्या काढून घ्या. पांढरट भागात टाचणीएवढी भोकं आणि मैद्यासारखी भुकटी दिसली तर ती फळी परत थप्पीत. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, या भागाला लागते. रंगाचा किंवा तेलाचा हात मारून हा भाग झाकलेला असू शकतो. खिशात मावणारा छोटा रंधा न्या, दुकानदाराला विचारून एक पातळ सालपट काढा, खरा रंग समोर येतो.

ओलाव्याचं बघणं बहुतेक जण टाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्यावरचं लाकूड १६ ते १८ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. कोरड्या दिवसांत ११-१२ पर्यंत उतरतं. एसीच्या खोलीत त्याहून खाली. आडव्या वर्तुळांचं सागवान ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीत सुमारे ०.२ टक्के हलतं. १८ इंचांच्या माथ्याला सहा टक्क्यांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर. एवढं लाकूड स्क्रूने आवळून ठेवलं तर माथा फाटेल नाहीतर पट्ट्या सुटतील. स्क्रूची भोकं लांबट ठेवायची ती यासाठी. गटाने मिळून ओलावा मोजणारा एक पिनवाला मीटर घ्यावा, तो सागवानाच्या खुणेवर लावावा आणि टोकापासून फूटभर आत टोचावा. टोकं लवकर सुकतात, तिथला आकडा फसवा असतो. जाड फळीची खरी परीक्षा मिलमध्ये चिरल्यावर, ताज्या कापावर. वर १३ आणि आत २० निघाले तर त्या फळीचं काम लांबणीवर.

सॉ मिलची सेवा झटपट आहे, नाजूक नाही. दोन इंची फळी जाडीतून उभी चिरून दोन करायची तर ५० मिलिमीटरमधून पातं तीनेक मिलिमीटर खातं, दोन्ही भाग साडेतेवीसचे येतात, आणि दोन्ही बाजू रंधून हाती २० उरतात. १८ हवे असतील तर छान, २२ हवे असतील तर गणित आधीच चुकलंय. मिलमध्येच शेवटच्या जाडीपर्यंत रंधून घ्यायचा मोह टाळा. चिरल्यावर आतला ताण सुटतो, ओला भाग उघडा पडतो आणि दोन आठवड्यांत फळी वळते; शेवटचे दोन मिलिमीटर तेव्हासाठी ठेवा. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, साध्या पात्याची धार पटकन जाते. कापाच्या कडा जळकट दिसल्या तर पातं बोथट आहे, मिस्त्रींना थांबवून सांगा.

वाटणी जागेवर करू नका. तिथे टेम्पोवाल्याची घाई असते आणि चांगली फळी जो आधी उचलेल त्याची होते. त्याऐवजी मिलमध्येच प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने क्रमांक टाका. एका फळीतून चिरलेल्या दोघींना १अ, १ब असा एकच आकडा द्या, म्हणजे त्या एकाच सभासदाकडे जातात आणि माथ्याची रेष जुळते. बाकी वाटणी पुढच्या बैठकीत, घनफुटांच्या हिशेबाने. हमाली, कापणी आणि टेम्पो यांचा खर्चही घनफुटांवरच पाडा. डोक्यावर सारखा पाडला की एक स्टूल करणारा माणूस पुढच्या खेपेला येत नाही.

चार घनफूट सुकं सागवान पाऊणशे किलोच्या घरात जातं, म्हणजे छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) बरीच जागा रिकामी राहते. शक्य असेल तर दुसऱ्या गटाचा माल सोबत घ्या. पक्कं बिल गाडीत असू द्या.

पटाश्या, क्लॅम्प, खतकस (कडेला समांतर रेघ आखायचं अवजार) यांसाठी नागदेवी स्ट्रीट गाठा. जुनं सागवान हवं असेल तर जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात पडलेल्या इमारतींच्या तुळया आणि दरवाजे बघायला मिळतात. तो माल पुरेपूर मुरलेला असतो, पण आत तुटलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय असली तुळई मिलच्या पात्याखाली देऊ नका. पातं तुटलं तर भरपाई गिऱ्हाइकाकडून मागतात, आणि ती मागणी रास्तच असते.