निमोना: खलनायकाच्या हाताखालची नोकरी

मी एका कारखान्यात नोकरभरती बघते, त्यामुळे या कॉमिकचं पहिलंच पान वाचून मला फिस्सकन हसू आलं. ना बायोडेटा, ना मुलाखत. निमोना नावाची एक पोरगी थेट खलनायकाच्या दारात येऊन सांगते, आजपासून मी तुमची मदतनीस. तो नको म्हणतो तर ही बया शार्क होऊन दाखवते! घेतली कामावर.

एन. डी. स्टीव्हनसन यांनी कॉलेजात असताना २०१२ पासून हे वेबकॉमिक म्हणून, म्हणजे इंटरनेटवर, पानापानाने काढलं, २०१५ मध्ये पुस्तक आलं. ते चित्रांतही दिसतं. सुरुवातीची रेघ जरा कच्ची आहे, शेवटी शेवटी हात असा काही बसलाय की बास. मला तो कच्चेपणाच जास्त आवडला, का ते विचारू नका.

खरी मजा साहेब आणि मदतनीस यांच्या जोडीत. बॅलिस्टर ब्लॅकहार्ट खलनायक खरा, पण नियमांचा पक्का. उगाच कुणाचा जीव घ्यायचा नाही. निमोनाला हे कळतच नाही. तिला वाटतं, दुष्टपणा करायचाय ना, मग पूर्ण करा की. आणि गोष्टीतली कायद्याची रखवालदार म्हणवणारी संस्थाच गुपचूप विषाचे उद्योग करते.

तक्रार एकच, अक्षर बारीक. चाळिशी लावूनही संवादांचे काही फुगे पुस्तक डोळ्यांशी नेऊन वाचले. भाचीने २०२३ चा सिनेमा आधी पाहिला होता. तिला सांगितलंय, पुस्तक वेगळं आहे, जास्त काळोखं. पण माझी प्रत मिळणार नाही.