‘पेप्टाइड’ची कुपी घेण्याआधी तिचं लेबल वाचा

खांदा दुखावला की तालमीतल्या पोरांना हल्ली कुणीतरी हमखास सांगतं, “पेप्टाइड घे, पंधरा दिवसांत मातीत उतरशील.” पैसे आगाऊ, यूपीआयवर. कोल्हापुरात एका पैलवानाच्या गळ्यात अशीच कुपी मारली गेली. तळाशी पांढरी वडी, वर ‘बीपीसी-157, 5 मिग्रॅ’ असं पेप्टाइडचं नाव नि वजन, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदतीची तारीख नाही. बिल मागितलं, तर नंबर ब्लॉक.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, छोटी साखळी. ऑक्सिटोसिनमध्ये 9 अमिनो आम्लं, ग्लुकॅगॉनमध्ये 29. यातली बरीच शरीरात निरोप्याचं काम करतात. ग्लुकॅगॉन यकृताला साखर सोडायला लावतं, ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आकुंचन पावायला. ज्याचं काम त्यालाच जमतं. त्यामुळं गुडघा, केस, झोप, वजन, सगळ्यावर एकच कुपी चालते म्हणणारा खोटं बोलतो.

जाड वडी पाहून पोरं फसतात. 5 मिलिग्रॅम म्हणजे काचेला चिकटलेला पापुद्रा. डोळ्यांत भरते ती बहुतेक मॅनिटॉलची, म्हणजे साखरेसारख्या पावडरीची, भरती. सोबत ‘शुद्धता 99 टक्के’चा कागद येतो. तो खरा धरला तरी कुपीत माल किती आहे, तो निर्जंतुक आहे का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. कागदावरचा बॅच क्रमांक कुपीशी जुळवायचा, तर कुपीवर क्रमांकच नाही!

मात्रेचा घोळ वेगळाच. वडी विरघळवायला कुपीत 2 मिली पाणी घातलं, तर इन्सुलिनच्या 1 मिलीच्या, 100 युनिटवाल्या सिरिंजच्या 10 खुणांत (एक खूण म्हणजे एक युनिट धरून) 250 मायक्रोग्रॅम येतं. 1 मिली घातलं, तर तेवढ्याच खुणांत 500. विकणारा फक्त “दहा खुणा घे” सांगतो, पाणी किती घालायचं ते सांगत नाही.

आणि पैलवानांनो, बीपीसी-157 हे 2022 पासून वाडाच्या, म्हणजे खेळातल्या डोपिंगवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे, तेही कुठल्याच देशाच्या औषध नियामकानं उपचारासाठी मान्यता न दिलेल्या पदार्थांच्या गटात. डोप चाचणीत सापडलात, तर “ठाऊक नव्हतं” म्हणून सुटका नाही.

घेतली असेल तर कुपी फेकू नका. तिचा फोटो, व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. पैशांसाठी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं द्या. सुई टोचली तिथं लाल झालं, गाठ आली, ताप भरला, तर कुपी घेऊनच सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठा, आणि किती दिवस, किती खुणा घेतल्या ते डॉक्टरांना खरं सांगा.