शा२५६सम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांचे मुद्रितशोधन मी करतो. गेल्या वर्षी एका छापखान्यात त्याच नावाची जुनी फाइल छपाईला गेली आणि दुरुस्त केलेले लाभांशाचे आकडे पुन्हा चुकीचेच छापले गेले. तेव्हापासून अंतिम मजकुराची फाइल पाठवली की लिनक्सवरील ‘शा२५६सम’ (sha256sum) या आज्ञेने काढलेला तिचा हॅश (मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरांची खूण, जी मजकूर जरा बदलला तरी बदलते) मी वेगळ्या संदेशाने कळवतो. छापखान्यातील विंडोज संगणकावर ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तोच हॅश काढून ६४ अक्षरे जुळली, तरच पुढचे काम सुरू होते.

पहिला आठवडा मात्र गोंधळात गेला. मजकूर छापून दाखवणाऱ्या ‘एको’ या आज्ञेने दिलेल्या मजकुराचा हॅश फाइलच्या हॅशशी जुळेना, कारण ‘एको’ शेवटी नव्या ओळीचे अदृश्य चिन्ह जोडते. ‘कोल्हापूर’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइटांचा आहे. ‘एको’तून तो २८ बाइटांचा होऊन बाहेर पडतो आणि त्या एका बाइटाने संपूर्ण हॅश बदलतो. तेव्हापासून मी असे चिन्ह आपणहून न जोडणारी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञाच वापरतो. विंडोजवर फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली, तरी ओळींच्या शेवटची चिन्हे बदलू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

खरी कसोटी लागली ती ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दावर. यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकलिखित होतो : नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण दुसऱ्यात ३ बाइट जास्त असतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) ही दोन रूपे एक करत नाही. एका अहवालात दोन टंकलेखकांनी दोन्ही रूपे वापरली होती आणि शोध घेताना ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द निम्म्या ठिकाणी सापडतच नव्हता. हॅश न जुळल्यामुळेच ते मला कळले. फरक नेमका कुठे आहे, हे मात्र हॅश सांगत नाही. त्यासाठी दोन फाइलींतला फरक दाखवणारी ‘डिफ’ ही आज्ञा चालवावीच लागते.

एमडी५ ही हॅश काढण्याची जुनी पद्धत वापरण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही. दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ हॅश येऊ शकतो, हे २००४ मध्येच दाखवले गेले आणि शा-१ या दुसऱ्या पद्धतीची तीच गत २०१७ मध्ये झाली. ‘शा२५६सम’ ज्या शा-२५६ पद्धतीने हॅश काढते, तिला लागणारा वेळ अहवालाच्या फाइलला जाणवतही नाही.

आता हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक फाइलमधला ‘ऱ्य’ मी पहिल्या रूपात बदलून घेतो.