बी.टेक. ॲग्री इंजिनिअरिंग: घ्या, पण आधी वर्कशॉप उघडायला लावा

बारावीचा निकाल लागला की नंदुरबारकडून फोन सुरू होतात. "ताई, पोराला ॲग्रीला टाकू का?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना बी.एस्सी. ॲग्री आणि बी.टेक. ॲग्री इंजिनिअरिंग एकच वाटतं. बी.एस्सी.त पीक, माती, कीड, रोग हा गाभा. आमच्याकडे, म्हणजे बी.टेक.ला, पहिल्या वर्षापासून गणित, मेकॅनिक्स, सर्व्हेइंग, पुढे थर्मोडायनॅमिक्स आणि हायड्रॉलिक्स. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाने नुसत्या शेतीच्या आवडीवर इकडे येऊ नये, चार वर्षं जड जातात.

मी ही पदवी एका खासगी कॉलेजातून घेतली आणि आता ठिबकच्या डिझाइनचं काम करते. खान्देश ज्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्याचं राहुरीचं अभियांत्रिकी कॉलेज १९६९ पासूनचं आहे. मार्क असतील तर पहिला पर्याय तोच भरा.

आता शिकायला काय मिळतं ते. माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा विषय ठरला प्रक्रिया अभियांत्रिकी, म्हणजे माल काढल्यानंतरचं सगळं. आमच्याकडे लाल मिरची उघड्या पथारीवर वाळते. अवकाळी आला की पथारीवरचा माल काळा पडतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. वर्गात पहिल्यांदा हिशोब मांडला: शंभर किलो ओल्या मिरचीत ७५ टक्के पाणी धरलं आणि ती १० टक्क्यांवर आणायची ठरवली, तर हाती उरते साधारण २८ किलो. ७२ किलो पाणी हवेने उचलून न्यायचं असतं. हवा आधीच दमट असेल तर ती उचलणार किती, हे सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि दमटपणा दाखवणाऱ्या आलेखावर, बोट ठेवून दाखवता येतं. उन्हावर माल वाळवणारा सोलर टनेल ड्रायर का चालतो आणि ढगाळ दिवसात का अडतो, तेही त्यातूनच कळतं. सुट्टीत घरी हा हिशोब मांडला तेव्हा वडील म्हणाले, "हाऊ हिशोब आमले कोनी काबर नही सांगा?" आणि मला तो पुन्हा पहिल्यापासून मांडायला लावला. मिरचीचा भाव पाण्यावरून कापला जातो, त्यामुळे त्यांना त्यात खरा रस होता.

दुसरा विषय सिंचनाचा. केळीच्या शेतात ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली डबे ठेवून पाणी मोजायचं. सगळ्यात कमी पाणी देणाऱ्या एक चतुर्थांश ड्रिपरची सरासरी काढायची, तिला एकूण सरासरीने भागायचं, शंभराने गुणायचं. नव्वदच्या वर आकडा आला तर संच उत्तम. साठ-सत्तर आला तर शेवटच्या झाडांना तहान लागलेली असते आणि शेतकरी खताला दोष देत बसतो. हे प्रॅक्टिकल मी आजही जसंच्या तसं वापरते.

एक उणीव मला मनापासून खटकते. धुळ्याच्या पांझरेवर बंधारे बांधून पाटाने पाणी फिरवणारी फड पद्धत आपल्या खान्देशातली. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळं गावाच्या संमतीने. आम्हाला ती एका परिच्छेदात उरकून शिकवली. त्यावर एक शिवारफेरी तरी हवी होती.

आणि वर्कशॉप. आमच्या कॉलेजात रोटाव्हेटर होता पण तो जोडायला चालू ट्रॅक्टर नव्हता. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, हे आम्ही फळ्यावरच शिकलो. शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावर, चांगले शिकवायचे पण सत्र संपायच्या आत निघून जायचे. म्हणून सांगते, प्रवेश घेण्याआधी वर्कशॉप उघडायला लावा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, स्वतःच्या हाताने अवजार जोडलंय का.

नोकरीचं थोडक्यात: ठिबक आणि ट्रॅक्टर कंपन्या, बँकांचे कृषी अधिकारी, एमपीएससी, आणि गेटमध्ये आपल्या शाखेचा स्वतंत्र पेपर आहे, तो दिला तर एम.टेक.चा रस्ता. पहिला पगार कॉम्प्युटरवाल्यांच्या बरोबरीचा असेल असं समजून येऊ नका.

इन-प्लांट ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष उद्योगात जाऊन शिकायच्या काळात, मात्र घराजवळच्या दुकानातून नुसतं सर्टिफिकेट आणू नका. सावदा-रावेर पट्ट्यात केळीचं पॅकहाऊस किंवा रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली, गाठा. केळी १३ अंशांच्या खाली ठेवली तर साल का काळवंडते, फळ पिकवणारा इथिलीन वायू किती सोडायचा, खोलीत हवा कुठून फिरवायची, हे तिथल्या माणसांबरोबर राहून शिका.