नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं लेसर जॉबवर्क: पाट्या कापणाऱ्या मशीनवर ग्राफीन सर्किट

अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या अन् लग्नपत्रिका कापणारी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर इलेक्ट्रॉनिक्सला चालते. १०.६ मायक्रॉनचा हा किरण पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकवर फिरला की वरचा थर तापून काळा, सच्छिद्र ग्राफीन (वीज वाहणारा कार्बन) बनतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटानं २०१४ साली ही पद्धत मांडली. शाई नको, मास्क (आकाराचा साचा) नको.

हिंगण्यातल्या या जॉबवर्कची जमेची बाजू म्हणजे ऑपरेटर आधी टाकाऊ तुकड्यावर वेगवेगळ्या पॉवर-स्पीडचे चौकोन काढून देतो. तपकिरी डाग म्हणजे पॉवर कमी. मखमली काळा रंग हवा. भुगा उडाला तर पॉवर जास्त. लेन्स फोकसपासून एखादा मिलीमीटर सरकवली तर रेघा एकमेकींवर चढतात आणि रोध उतरतो. हे मात्र सांगावंच लागतं, मनानं कोणी करत नाही.

माल स्वतःचा न्या. १२५ मायक्रॉनची पॉलिइमाइड शीट घ्या. सीताबर्डीत मिळणारी पातळ पॉलिइमाइड टेप गोळा होते, खालचा सिलिकॉन गोंदही जळतो.

खरी अडचण मे महिन्यातली. ४५ अंशांच्या उन्हात लेसर ट्यूब थंड ठेवणारं पाणी तापतं, पॉवर पडते, सकाळची सेटिंग दुपारी फिकी रेघ देते. इथं पाणी गार करणारा चिलर नाही, नुसती बादली अन् पंप! सकाळचीच वेळ मागा.

मल्टिमीटरची टोकं थेट टेकवू नका, ग्राफीन खरवडतं. दोन्ही टोकांना सिल्व्हर पेस्ट लावा. ताण किंवा ओलाव्याच्या सेन्सरला हे काम उत्तम, बारीक पिनांच्या आयसीला नाही.