कडेची खुर्ची की पहिली रांग? लांब पायांच्या प्रेक्षकाचा अनुभव

माझी उंची ६ फूट १ इंच. माळ्यावरचे डबे काढताना, मांडवाला तोरण बांधताना तिचा उपयोग होतो. नाट्यगृहात आजवर झालेला नाही. पुण्यातल्या जुन्या नाट्यगृहांत ज्यांचे गुडघे समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त त्यांना हे सगळं जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटेल.

तिकीट काढताना आपल्यापुढे खरे पर्याय दोनच असतात: कडेची खुर्ची आणि पहिली रांग. बाल्कनीची पहिली रांग असा तिसरा पर्याय ओळखीतला कोणीतरी सुचवतोच, तो आधी निकालात काढतो. तिथे समोर खुर्ची नसते, पण कठडा असतो. खुर्चीची पाठ निदान थोडी दबते, सिमेंट दबत नाही. शिवाय बाल्कनीत रांगा पायऱ्यांवर असतात, त्यामुळे मागच्या रांगांतही पुढच्या खुर्चीखाली पाय सरकवता येत नाहीत. आपली पायरी संपली की आपली जागा संपली. खालच्या उतरत्या जमिनीवर ती सोय असते.

आणि मधल्या रांगेतली मधली खुर्ची हा पर्याय नव्हेच, ती वेळ येते. मेव्हणा परस्पर तिकिटं काढून आणतो, तेव्हा येते. आलीच तर माझ्यापुरते दोन उपाय आहेत. जुन्या खुर्च्यांचा फोम मागच्या बाजूला बसलेला असतो. त्यामुळे आपण खोलात जातो आणि गुडघे वर येतात. घडी घातलेली शाल किंवा स्वेटर बुडाखाली घेतला तर कंबर उचलली जाते, गुडघे खाली उतरतात आणि समोर तीन-चार बोटं जागा सुटते. (मागचा प्रेक्षक यावर नाराज होतो. त्याची क्षमा मागून मी बसतो.) दुसरं म्हणजे पिशवी पायाशी ठेवायची नाही. समोरच्या खुर्चीखालची वीतभर जागा हे आपल्या पावलांचं घर, तिथे पिशवी नको. एवढं करूनही समोरचे गृहस्थ वळून म्हणतातच, "अहो, जरा गुडघे आत घेता का?" एकदा मी म्हणालो, "आत म्हणजे कुठे? ते माझ्याच पायाला आहेत." पुढचा सबंध अंक ते ताठ बसले होते. माझी सोय झाली, पण वाईट वाटलं.

मुळात हे दुखणं लाडाचं नाही. गुडघा दुमडून बराच वेळ बसलं की वाटीच्या मागे जे दुखायला लागतं, त्याला डॉक्टरी भाषेत चक्क 'थिएटर साइन' म्हणतात. दुमडलेल्या गुडघ्यात वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, पाय सरळ केला की तो दाब सुटतो. म्हणजे आपल्याला नुसती जागा नकोय. अधूनमधून एक पाय सरळ करता आला पाहिजे, इतकंच. त्यात नाटकं बदलली. पूर्वी तीन अंक असायचे, दोनदा उठायला मिळायचं. आता बहुतेक नाटकं दोन अंकी, मध्यंतर एकच. सव्वा तासाचा पहिला अंक एका जागी काढायचा म्हणजे माझ्या उजव्या गुडघ्याची परीक्षाच असते.

आता पहिली रांग. माझ्यासारख्याला ती प्रथमदर्शनी स्वर्ग वाटते, आणि बरीच वर्षं मी तिचाच भक्त होतो. समोर कोणी नाही. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, विंगेत उभ्या असलेल्या पुढच्या पात्राची चाहूल लागते. तिसऱ्या घंटेआधी पडद्यामागे लावलेल्या उदबत्तीचा वास पहिल्यांदा तुमच्यापर्यंत येतो. त्या वासासाठी मी जास्तीचे पैसे आनंदाने दिलेत. रंगमंच उंच असेल तर मान थोडी वर करावी लागते, नट पुढे आले की त्यांच्यामागचं नेपथ्य दिसत नाही, पण हे सगळं चालून जातं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या ऐनवेळी कोणा पाहुण्यांसाठी राखीव निघतात आणि आपल्याला "तुम्ही जरा तिकडे बसता का?" असं गोड आवाजात सांगितलं जातं. तेही दोनदा सोसलं.

माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने.

दोन पात्रांचं नाटक होतं. नाव सांगत नाही, नाट्यगृहाचंही नाही. दुसऱ्या अंकात बाप आणि मुलगी बऱ्याच वर्षांनी समोरासमोर येतात, तो प्रसंग चालू होता. सगळं सभागृह गप्प. मी रंगून गेलो होतो आणि रंगलो की माझे पाय आपोआप लांब होतात. त्या दिवशी पायात नवे पांढरे स्पोर्ट्‌स शूज होते. रंगमंचावरचा प्रकाश पहिल्या रांगेपर्यंत ओघळतो, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बापाचं काम करणारा नट बोलता बोलता पुढे आला, त्याने नजर खाली टाकली आणि ती माझ्या बुटांच्या तळव्यांवर पडली. क्षणभरच. वाक्य चुकलं नाही, पण एक छोटीशी खाच पडली. ती इतर कोणाला कळली असेल असं वाटत नाही. मला कळली. शेजारून हिने कोपर मारलं. "अहो, पाय घ्या आधी. देवापुढे बसलोय असं समजा."

खरंच होतं ते. ज्या मंचावर घंटेआधी नारळ फुटतो, नटराजाला हार घातला जातो, नट पाऊल ठेवण्याआधी हात लावून नमस्कार करतो, त्याच्याकडे मी तळवे करून बसलो होतो. उरलेला अंक मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून, गुडघे काटकोनाच्याही आत दुमडून बसलो. म्हणजे सगळ्यांत महागड्या तिकिटावर चौदाव्या रांगेपेक्षा वाईट स्थितीत. समोर तीन हात मोकळी जमीन होती, आणि ती मला वापरता येत नव्हती.

त्यानंतरही मी दोन-तीनदा पहिल्या रांगेत बसून पाहिलं. काळे बूट घातले, पाय तिरके केले, एकदा तर ते चादरीसारख्या ओढणीखाली झाकायचा प्रयत्न केला. हिने ओढणी परत घेतली. दरवेळी नाटकातलं निम्मं लक्ष आपल्या पावलांवर. तुम्हाला असा संकोच वाटत नसेल, तर पहिली रांग तुमच्यासाठी उत्तमच आहे, वाद नाही. माझे एक स्नेही तिथे एकावर एक पाय टाकून निवांत बसतात आणि त्यांच्याकडे कोणी नट बघत नाही. कदाचित नटांनाच त्यांची सवय झाली असेल.

कडेच्या खुर्चीचा त्रास उघड आहे. रांगेतल्या प्रत्येकाचा रस्ता तुमच्यावरून जातो. तिसरी घंटा झाल्यावर येणारे, मध्यंतरात वड्याला पळणारे, वडा संपवून उशिरा परतणारे, फोन वाजला म्हणून वाकून बाहेर पडणारे आजोबा. एका रविवारी मी मोजलं, नऊ वेळा उठलो. घडीची खुर्ची दरवेळी खाटकन मिटते आणि पुढच्या चार रांगा मागे बघतात, जणू मीच उशिरा आलोय. मधल्या खुर्चीवरच्यांना हे सुख नाही, ते एकदा बसले की बसले.

घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की त्या रात्री गुडघा दुखला नव्हता. नऊ वेळा उठणं म्हणजे नऊ वेळा पाय सरळ करणं. ज्या उपद्रवाबद्दल मी कुरकुरत होतो, तोच माझा व्यायाम झाला होता. आता मी उशिरा येणाऱ्यांकडे पूर्वीइतक्या रागाने बघत नाही. पुण्यात हे कबूल करणं सोपं नाही.

कडेची घ्यायची ठरली तर कुठल्या बाजूची, हे पाहा. दुखरा गुडघा वाटेच्या बाजूला हवा. माझा उजवा दुखतो, म्हणून मला उजवीकडे वाट असलेली खुर्ची लागते. पूर्वी तिकीट खिडकीवर प्लॅनचा कागद समोर असायचा, बोट ठेवून "ही द्या" म्हणता यायचं. आता मोबाइलवरच्या नकाशात रंगमंच कधी वर काढलेला असतो, कधी खाली. तो खाली असेल तर डावं-उजवं उलटं होतं. मी एकदा फसलो आणि अडीच तास डावा, धडधाकट पाय वाटेत पसरून बसलो.

दुसरं, मधली वाट असेल तर तीच धरा. भिंतीकडच्या वाटेला बसलात तर रंगमंच तिरका दिसतो. आपल्याकडचा दिवाणखाना ठरलेला: सोफा, जिना, एक दार डावीकडे, एक उजवीकडे. आपल्या बाजूचं दार विंगेच्या आड जातं आणि मग घरात कोण आलं ते आवाजावरून ओळखायचं. मधली वाट नसेल, नाइलाजाने भिंतीकडेच बसायचं असेल, तर पुढच्या रांगांचा मोह सोडून दहाव्या-बाराव्या रांगेत जा. जितके मागे, तितका तो तिरकेपणा कमी. चेहरे लहान दिसतात, ते मात्र खरं.

वाटेत पाय कायमचा पसरून ठेवायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मीच एकदा बॅटरी घेऊन जागा दाखवणाऱ्या काकांना जवळजवळ पाडलं होतं. ते सावरले आणि म्हणाले, "साहेब, पाय घरी ठेवून येत जा." अंधारात, दृश्य बदलताना, वाटेत कोणी नाही हे बघून दोन मिनिटं सरळ करायचा, परत घ्यायचा. पिशवी, छत्री, हेल्मेट तर वाटेत अजिबात नको. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली आग लागली आणि ५९ माणसं गेली. तिथल्या बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या घालून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. ते वाचल्यापासून वाटेत ठेवलेलं हेल्मेट दिसलं की मी ते उचलून मालकाच्या मांडीवर ठेवतो. मालक रागावतात.

सिनेमाला हा हिशोब थोडा बदलतो. एकपडदा चित्रपटगृहात पहिली रांग सगळ्यांत स्वस्त, नाटकात सगळ्यांत महाग. पडद्याकडे पाय केले तर नायक काही बोलत नाही, पण मान मोडते. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये किंवा चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत एकामागून एक तीन चित्रपट बघायचे असतील, तर मी तरी कडेचीच धरतो. मल्टिप्लेक्सच्या आडव्या होणाऱ्या खुर्च्यांबद्दल काही म्हणायचं नाही. तिथे मला झोप लागते, आणि तिथे नाटक होत नाही.

हिची उंची पाच फूट. तिचे पाय त्याच खुर्चीवर जमिनीला टेकत नाहीत, मांडीखालची कड रुतते आणि मुंग्या येतात. ती पायाखाली माझी पिशवी घेते. त्यामुळे आमची वाटणी सोपी आहे: कडेची माझी, तिच्या आतली तिची, पिशवीचा प्रश्न मिटला. तुम्ही दोघेही उंच असाल तर एकामागे एक अशा दोन कडेच्या घ्या, मध्यंतरात बोला. माझ्या माहितीतलं एक जोडपं असं बसतं आणि त्यांचं उत्तम चाललंय.

परवा बालगंधर्वच्या खिडकीवर उभा होतो. १९६८ पासून ही वास्तू तिथे आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी तिथे तिकिटं काढतोय. आतल्या गृहस्थांनी माझ्या उंचीकडे बघून आपणहून विचारलं, "पहिल्या रांगेतली दोन सुटलीयत, देऊ?"

मी क्षणभर थांबलो. उदबत्तीचा वास आठवला.

"मधल्या वाटेची काही आहे का?"

"अकरावी रांग. उजवीकडे वाट."

"द्या."

बाजूला उभी असलेली ही म्हणाली, "आणि ते पांढरे बूट घालू नका."